बायबल आणि बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून वाचायचं कसं

वचन वाचायला बसताना आपण वही घेतो, पेन घेतो, कुणी कुणी हायलायटर पण घेतं. मी गेली काही वर्षं त्याच्या शेजारी बँकेचं स्टेटमेंट ठेवतो. महिन्यातून एकदाच हां, रोज केलं तर वेड लागेल. पैसा आणि विश्वास या विषयावर प्रवचनं ढिगाने ऐकली, एक जण म्हणतो सगळं सोडून द्या, दुसरा म्हणतो देव तुम्हाला मोठी गाडी देणारच आहे फक्त विश्वास धरा, आणि या दोघांच्या मधे आपण हप्ते भरत बसलेलो. म्हणून मी स्वतः काय करतो आणि कुठल्या क्रमाने करतो ते लिहितोय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही, कुठे चुकलो असेन तर वचन उघडून दाखवा, ऐकेन.

आधी मार्क १०, आणि घाई न करता

मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, १७ ते ३१ ओव्या. सार्वकालिक जीवन मिळायला काय करू असं येशूला विचारणाऱ्या धनवान तरुणाची गोष्ट, सगळ्यांना माहीत आहे आणि तीच अडचण आहे, माहीत असल्यामुळे कुणी वाचत नाही. तो "तरुण" आहे हे मत्तय सांगतो, "अधिकारी" आहे हे लूक सांगतो, मार्कात तो नुसता एक माणूस आहे जो धावत येतो आणि गुडघे टेकतो. त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता आहे हे मार्क अगदी शेवटी सांगतो, तो पाठ फिरवून निघाल्यावर.

आता येशू त्याला ज्या आज्ञा सांगतो त्यांची यादी बघा. खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, ठकवू नको, आईबापांचा मान राख. दहा आज्ञा पाठ असतील तर लगेच खटकेल की "ठकवू नको" ही त्या दहात नाहीच. आणि जी आहे, "लोभ धरू नको", ती येशूने इथे घेतलेली नाही. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात पण त्यांच्याकडे हा "ठकवू नको" नाही, फक्त मार्कात आहे. का आहे ते मार्क सांगत नाही, पण एवढी मालमत्ता असलेल्या माणसाच्या तोंडावर हा शब्द बोलला गेलाय हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ते वाक्य येतं, ते पण फक्त मार्कात, की येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आणि त्यानंतर म्हणाला, तुझ्यात एक गोष्ट उणी आहे, जा, आपलं असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. क्रम असा आहे, प्रीती आधी आणि विकून टाक नंतर. ज्या प्रवचनात हा क्रम उलटा होतो तिथे लोक एकतर घाबरतात नाहीतर चिडतात, मी दोन्ही केलेलं आहे.

पुढे येशू म्हणतो श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, त्याबद्दल एकच सांगतो. यरुशलेमेत "सुई" नावाचं बुटकं दार होतं आणि उंट ओझं उतरवून गुडघ्यावर त्यातून जायचा, ही गोष्ट तुम्ही पण ऐकली असेल. त्या दाराला कुठलाही पुरावा नाही, हे स्पष्टीकरण येशूनंतर शेकडो वर्षांनी आलेलं आहे. शिष्यांनी ते ऐकून "मग तारण कुणाचं होणार" असं विचारलं ते दार बुटकं होतं म्हणून नाही. उंटाला उंटच राहू द्या आणि सुईला सुई.

मग मला पण सगळं विकायला लागणार का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला लाजू नका, पण उत्तर एका गोष्टीवरून काढू नका. शेजारी अजून काही माणसं ठेवून बघा. जक्कय, लूक १९, उंबराच्या झाडावरून खाली उतरलेला श्रीमंत जकातदार, तो आपलं अर्धं गरिबांना देतो, ज्यांना ठकवलं त्यांना चौपट परत करेन म्हणतो, आणि येशू त्याला "उरलेलं अर्धं कुठाय" असं विचारत नाही, उलट म्हणतो आज या घराचं तारण झालं. योहान्ना आणि सुसान्ना, लूक ८, या बायका आपल्या पैशातून येशूचा आणि त्याच्या बारा शिष्यांचा खर्च चालवत होत्या, म्हणजे त्यांच्याकडे पैसे होते आणि ते त्यांनी एकाच दिवशी संपवलेले नव्हते. अरिमथाईकर योसेफ श्रीमंतच होता, स्वतःसाठी खोदलेली कबर त्याने येशूला दिली. माझा आवडता मात्र लेवी नावाचा जकातदार. लूक ५:२८ म्हणते तो सगळं सोडून मागे गेला, आणि २९ म्हणते त्याने आपल्या घरी मोठी मेजवानी दिली. सगळं सोडलं आणि लगेच पुढच्या ओवीत घर आहेच, टेबल आहे, पाहुणे आहेत! फक्त आता त्या टेबलावर येशू बसलाय आणि घर त्याच्या कामाला लागलंय.

लूक १४:३३ मधे जे "आपल्या सर्वस्वाचा त्याग करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही" असं आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द निरोप घेण्यासाठी वापरतात तो आहे. वस्तूला निरोप द्यायचा, मग ती देव दुसऱ्याकडे पाठवो किंवा तुमच्याकडेच सांभाळायला ठेवो. कारभारी म्हणतात ते हेच, चाव्या तुमच्याकडे, मालकी नाही.

पण सावध. हे सगळं वाचून मला बरं वाटलं होतं आणि त्या बरं वाटण्याचाच मला संशय आला. इसवी सन २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने असंच म्हटलं होतं की सोडायचं ते धनाचं वेड, सगळ्यांनीच सगळं देऊन टाकलं तर भुकेल्याला खायला घालणार कोण. बरोबर आहे. पण त्याच देशात, इजिप्तमधेच, साधारण २७० च्या सुमारास अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमधे हीच "विकून टाक" ची गोष्ट वाचलेली ऐकली आणि जाऊन वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली, बहिणीपुरतं थोडं ठेवलं, आणि पुढे "उद्याची चिंता करू नका" ऐकल्यावर ते ठेवलेलं पण दिलं आणि बहिणीला विश्वासू बायकांच्या हवाली केलं. चर्चने दोघांनाही आपलं मानलं. माझा नियम असा केलाय की ज्या अर्थाने माझा खिसा वाचतो तो अर्थ दोनदा तपासायचा.

स्टेटमेंट उघडा, पण दानाच्या ओळीपासून सुरू करू नका

इथे जवळजवळ सगळे चुकतात. आधी बघायचं ते देणं कुणाचं लागतं. दान नंतर. याकोब ५:४ मधे मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. लेवीय १९:१३ सांगते मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. एक रात्र! आपण काम करून घेतो आणि म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. तर पहिली यादी ही, कुणाचे पैसे माझ्याकडे पडून आहेत, घरकामाला येणाऱ्याचे, मित्राकडून घेतलेले आणि दोघंही विसरल्याचं नाटक करतोय ते, ऑफिसात वाढवून लावलेलं बिल, लपवलेला कर. मार्कातला "ठकवू नको" इथे कामाला येतो.

जक्कयाचं चौपट पण इथेच समजतं. चोरी स्वतःहून कबूल केली तर नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा भाग एवढंच द्यायचं होतं (गणना ५:७), चौपट हे मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं त्याच्यासाठी होतं. जक्कयाने स्वतःला कमी शिक्षेचं कलम लावलं नाही. आपल्याला चौपट जमेल न जमेल, निदान मूळ रक्कम तरी मनापासून माफी मागून परत करा आणि "देवाने मला क्षमा केली" हे वाक्य त्या माणसाला ऐकवू नका, त्याला पैसे हवेत.

यादी झाली की मग दुसरी फेरी. आता प्रत्येक ओळीसमोर बसून हिशोब करायचा नाही, एकच विचारायचं, ही ओळ उद्या पुसली गेली तर मला काय होईल. बहुतेक ओळींना काही होत नाही. एखाद्या ओळीला पोटात गोळा येतो. ती तुमची "एक गोष्ट" असण्याची शक्यता आहे.

माझं सांगतो. मला वाटायचं माझी ओळ म्हणजे गॅजेटवरचा खर्च, कारण त्याच्यावर बायको बोलते. निघाली भलतीच, बचत खातं. "अडचणीला लागतील" म्हणून सुरू केलेलं, आणि अडचणीला जेवढे लागतील त्याच्या कितीतरी वर गेलं तरी मी दिवसातून तीन तीन वेळा ॲप उघडून तो आकडा बघायचो, प्रार्थना एकदा आणि आकडा तीनदा. बचत हे पाप नाही, नीतिसूत्रांत मुंगीचं कौतुक आहेच. पण लूक १२ मधला तो मूर्ख धनवान आठवा, त्याने चोरी केलेली नाही, कुणाला लुबाडलेलं नाही, पीक चांगलं आलंय एवढंच. त्याचं बोलणं नुसतं मोजा: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, माझा जीव. आणि बोलतोय कुणाशी तर स्वतःशी. अख्ख्या दाखल्यात देव बोलेपर्यंत दुसरा माणूसच नाही. मी ॲप बघायचो तेव्हा खोलीत दुसरं कुणी नसायचं.

तुमची ओळ वेगळी असेल. कुणाची मुलांच्या शाळेची असते, कुणाची लोकांना दाखवायच्या वस्तूंची, आणि कुणाची, हे ऐकून राग येईल, दानाचीच असते, म्हणजे पावतीवर नाव यायला पाहिजे, स्टेजवर बोलावलं पाहिजे. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये हे मत्तय ६:३ त्यांच्यासाठीच. उपाय सोपा आहे, एक दान असं करा की जे कुणाला कधीच कळणार नाही, बघा किती जड जातं.

किती द्यायचं

दशांश. दहा टक्के. वाद घालायचा असेल तर रात्रभर चालेल म्हणून मला जे वचनात दिसतं तेवढंच लिहितो. "सगळा दशांश भांडारात आणा" हे मलाखी ३:१० सगळे दाखवतात, पण अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय कुणी दाखवत नाही, तिथे दशांशाचा एक भाग कुटुंबाने परमेश्वरासमोर आनंदाने खायचा आहे आणि दर तिसऱ्या वर्षाचा लेवी (म्हणजे स्वतःची जमीन नसलेलं, देवाच्या सेवेचं कुळ), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे. येशूने पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देणाऱ्या परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, "ते सोडा" म्हटलं नाही, म्हटलं की न्याय, दया, विश्वास सोडू नका (मत्तय २३:२३). आणि प्रेषित पौल मंडळ्यांना पत्रं लिहितो तेव्हा टक्का कुठेच सांगत नाही. १ करिंथ १६:२ मधे सांगतो आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, आणि २ करिंथ ९:७ मधे, मनात ठरवलं तसं, कुरकुरत नाही, भाग पडलं म्हणून नाही.

माझ्यापुरतं मी दहा टक्के ही सुरुवात धरतो, शेवट नाही. ज्याचं दहा टक्के दिल्यावर घरात चूल पेटत नाही त्याला मी दहा टक्के सांगणार नाही आणि ज्याचं दहा टक्के दिल्यावर काहीच बदलत नाही त्याला पण दहा टक्क्यांवर थांबू देणार नाही.

सगळ्यात कामाची युक्ती मला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीकडून मिळाली. त्याने एका प्रवचनात एका तरुण मेथडिस्टाचा हिशोब सांगितलाय, लोक मानतात तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा २८ मधे राहिला, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, २८ मधेच राहिला, ३२ दिले. मग ९० मिळाले, ६२ दिले. मग १२०, दिले ९२. म्हणजे टक्का ठरवलाच नाही, राहणीचा आकडा ठरवला. आपण उलटं करतो, पगार वाढला की आधी घर वाढतं आणि दान तिथेच. तर करायचं असं की पगारवाढीचं पत्र यायच्या आधी, नंतर नाही, कागदावर लिहा की आमच्या घराला इतकं पुरे. महागाई धरा, आजारपण धरा, प्रामाणिकपणे धरा. नंतर वाढलेल्यातला किती हिस्सा त्या आकड्याच्या वरचा आहे ते दिसतं. पत्र आल्यावर लिहायला बसलात तर "पुरे" चा आकडा आपोआप वाढतो, करून बघा.

कुणाला द्यायचं, आणि कुणाला नाही

पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा पैसे एकट्याने नेले नाहीत, बरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली आणि कारण स्पष्ट लिहिलं, या एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कुणी आमच्यावर बोट ठेवू नये (२ करिंथ ८:२०). प्रेषित स्वतःवर ऑडिटर बसवतो! मग जिथे हिशोब विचारला की "तुझा विश्वास कमी आहे" असं उत्तर येतं तिथे देऊ नका. मी एकदा अशाच एका सभेत बसलो होतो, पुढचा माणूस सांगत होता आज बी पेरा, शंभरपट येईल, आणि मार्क १०:३० वाचून दाखवत होता. वाचता वाचता एक शब्द गाळला त्याने. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, शंभरपट, "छळणुकीबरोबर". तो शेवटचा शब्द तसाच गिळला. मी तेव्हा पाकीट रिकामं केलं होतं आणि घरी येऊन ओवी वाचली, क्रम उलटा झाला. आणि ते शंभरपट पण बघा, एकट्याला शंभर घरं नाहीत, शंभर जणांची दारं उघडी असणं आहे, मंडळी म्हणजे तेच ना.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, टाकणारी विधवा पण अशीच वापरली जाते. तिने सगळी उपजीविका टाकली, तुम्ही का नाही? पण मार्क १२:४० वाचा, तिच्या गोष्टीच्या बरोबर आधीची ओवी, येशू शास्त्र्यांबद्दल म्हणतो की हे विधवांची घरं गिळतात. आणि तिची गोष्ट संपते आणि येशू मंदिराबाहेर येऊन म्हणतो इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिचं देणं थोर आहे याबद्दल वाद नाही. पण गरीब बाईला ती गोष्ट सांगून तिच्याकडून पैसे घेणारा माणूस चाळिसाव्या ओवीत उभा आहे. २ करिंथ ८:१२ सांगते माणसाकडे जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. उसने घेऊन अर्पण टाकू नका.

"गरीब तर नेहमी तुमच्याजवळ आहेत" हे म्हणून हात झटकणाऱ्यांना अनुवाद १५:११ पूर्ण वाचायला द्या, "म्हणून आपला हात सैल सोड" असं पुढे आहे.

घरच्यांना न सांगता करू नका

आईवडिलांना लागणारे पैसे "कर्बान", म्हणजे देवाला वाहिलेले, असं म्हणून अडवणाऱ्यांना येशू किती कडक बोलला ते मार्क ७ मधे आहे. म्हणजे आईच्या औषधाचे पैसे कापून चर्चच्या इमारतीला देणं ही साक्ष नाही. आणि सभेच्या भरात हात वर करून मोठा आकडा बोलू नका. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने शेत विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं, त्यांची गोष्ट लोक "कमी दिलं म्हणून मेले" अशी सांगतात, ते चूक आहे. पेत्र त्याला म्हणतो, शेत होतं तेव्हा तुझंच होतं ना, विकल्यावर पैसे पण तुझ्याच हातात होते ना. द्यायची सक्ती नव्हती, खोटं बोलले म्हणून झालं ते. थोडं द्या आणि थोडं दिलं म्हणा.

ज्यांच्याकडे खरंच कमी आहे त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहायला पाहिजे, मी ते लिहायला लायक नाही, पण नीतिसूत्रे ३० मधली आगूरची प्रार्थना द्या त्यांना आणि स्वतः पण म्हणा: मला दारिद्र्य देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाटची भाकर दे. कारण पण देतो तो, जास्त झालं तर तुला विसरेन, कमी पडलं तर चोरी करेन. दोन्ही बाजूंनी स्वतःवर विश्वास नाही त्याचा, आणि संपूर्ण बायबलमधे पैशावरची एवढी प्रामाणिक प्रार्थना मला दुसरी सापडलेली नाही.

पहिल्या महिन्यात हे सगळं करायला जाऊ नका. पहिल्यांदा फक्त देणी फेडायची यादी, दुसऱ्यांदा ती पोटात गोळा आणणारी ओळ, तिसऱ्यांदा "पुरे" चा आकडा. लग्न झालं असेल तर दोघांनी बसायचं, आणि पहिल्या वेळी भांडण होईल हे धरून चाला, आमचं झालं, मी आध्यात्मिक चेहरा करून तिच्या खर्चाच्या ओळींवर खुणा करत होतो. आता नियम असा आहे की माझ्या ओळी ती वाचते आणि तिच्या मी, आणि ज्याच्या ओळी चालल्यात त्याने सफाई द्यायची नाही. साधारण एक तास लागतो. बचतीचं ॲप मी फोनवरून काढलंय, बघायचं असेल तर तिच्या फोनवर आहे, तिला मागायला लागतो आणि ती विचारते, "कशाला?"